समुद्रकांठचा मुक्काम

समुद्रकांठीं जाणाऱ्या माणसांचे मी दोन वर्ग करतों. एक सहलीला जाणारांचा आणि दुसरा मुक्कामाला जाणारांचा. पहिल्या वर्गांतला मनुष्य समुद्र पाहून येतो; दुसऱ्या वर्गांतला समुद्रापाशीं राहून येतो. परत आल्यावर दोघेही समुद्राचें वर्णन करतात, आणि पुष्कळदां पहिल्याचेंच वर्णन अधिक रसभरित असतें. कारण ज्यानें एखादी गोष्ट एकदांच पाहिली आहे, त्याला तिच्याविषयीं शंका अशी मुळींच नसते. परंतु दोघांच्याही हातांत कॅमेरा असला म्हणजे हा भेद झांकून राहत नाहीं. सहलीच्या छायाचित्रांत समुद्र नेहमीं पाठीमागें असतो आणि पुढें कोणीतरी हंसत उभें असतें. मुक्कामाच्या छायाचित्रांत समुद्र पुढें येतो आणि माणसें नाहींशीं होतात. हीं माणसें जातात कोठें, हा प्रश्न मला अलीकडे वरचेवर पडूं लागला आहे. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं मात्र या मुक्कामाची हकीकत सांगितली पाहिजे.

मी कांही धंद्यानें छायाचित्रकार नव्हें. नोकरी करून उरलेल्या वेळांत, व घरखर्च भागून उरलेल्या पैशांत, पाखरांचीं आणि निसर्गदृश्यांचीं चित्रें घेण्याचा छंद मला जडलेला आहे, इतकेंच. आमच्या मित्रमंडळींत या छंदाचे दोन पंथ आहेत. एका पंथाचे लोक दरवर्षीं नवें अभयारण्य गांठतात, तीन दिवस जीपमध्यें धूळ खातात आणि वाघाचें, निदान त्याच्या शेपटीचें, चित्र घेऊन विजयी मुद्रेनें परततात. दुसऱ्या पंथाचा अनुयायी बहुधा मी एकटाच आहें. हिंवाळा उतरणीला लागला कीं मी दापोली तालुक्यांतल्या समुद्रकांठच्या एका घरीं जातों आणि आठ-पंधरा दिवस तेथून हलत नाहीं. घर तेंच, खोली तीच, आणि सकाळचा मऊ भातही तोच.

हा प्रदेश मीं कां निवडला, असें कोणीं विचारलें तर उत्तर सोपें आहे. एवढ्या लहानशा टापूंत समुद्रानें आपलीं इतकीं रूपें दुसरीकडे क्वचितच मांडलीं असतील. हर्णैच्या बंदरासमोर पाण्यांत सुवर्णदुर्ग उभा आहे. १७५५ सालीं कमोडोर जेम्सनें तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला. आणि २०२५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याची गणना झाली. या दोन घटनांमध्यें जीं पावणेतीनशें वर्षें गेलीं, त्यांत त्याच्या तटावर मुख्यतः समुद्रपक्ष्यांचें राज्य होतें असें म्हणण्यास हरकत नाहीं. हर्णैहून उत्तरेकडे खाडी ओलांडली कीं आंजर्लें. तेथें डोंगराच्या खांद्यावर कड्यावरचा गणपति आहे, आणि त्या देवळाच्या वाटेवरून खालीं पाहिलें म्हणजे माडांची रांग, खाडीचें मुख, पुळण आणि दूरवरचा सुवर्णदुर्ग असें सारें एका नजरेंत मावतें. त्याच्या पुढें केळशी. तिथल्या वाळूच्या टेकडीचा डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं अभ्यास केला असून समुद्र पूर्वीं कसा वागला याचा पुरावा तिच्या थरांत शोधला आहे. आणि सर्वांत शेवटीं, बाणकोटच्या खाडीच्या तोंडाजवळ, नाना फडणिसांचें मूळ गांव वेळास. एका ठिकाणीं बिछाना टाकून हें सर्व क्षेत्र पायांनीं, होडीनें व एस. टी. च्या गाडीनें धुंडाळतां येतें. मुक्कामाचा गांव म्हणतात तो असा असावा.

शिवाय येथल्या उजेडाचीही एक रीत आहे. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलेला. सूर्य येतो तो घराच्या मागून, डोंगरावरून, आणि म्हणून जरा उशिरानें. जातो मात्र समोर, सर्वांच्या साक्षीनें, पाण्यांत. सहलीला येणारा मनुष्य संध्याकाळीं पुळणीवर येतो, मावळता सूर्य टिपतो आणि जेवायला जातो. परंतु पाखरांचीं चित्रें घेणाराला येथली सकाळ अधिक लाभदायक. सकाळीं ऊन तुमच्या पाठीवर असतें आणि पाण्याच्या कडेला बसलेल्या कुरवांच्या छातीवर पडतें. त्यांच्या पंखांतली करड्या रंगाची एकेक छटा मोजून घ्यावी इतकी स्पष्ट दिसते. संध्याकाळीं तींच पाखरें प्रकाशाच्या आड येतात आणि केवळ काळ्या आकृति होऊन राहतात. एकच जागा, एकच पाखरूं. पण सकाळीं तें चरित्र असतें आणि सायंकाळीं चित्र.

यापुढची विद्या मला माझ्या घरमालकांनीं शिकविली. त्यांना सारे गांव काका म्हणतात, म्हणून मीही म्हणतों. मुंबईच्या एका गिरणींत तीस वर्षें काढून ते गांवीं परत आले. माझ्याजवळ भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारें यंत्र आहे, तें मीं त्यांना मोठ्या हौसेनें दाखविलें. त्यांनीं तें पाहिलें, चष्मा कपाळावर सरकविला आणि विचारलें,

"आज तिथि कोणती?"

"चतुर्थी असावी."

"मग चार पाऊणे तीन. तीनच्या सुमारास पाणी भरेल. तुमचें यंत्र काय म्हणतें?"

यंत्र फार निराळें कांहीं म्हणत नव्हतें. तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितके वाजण्याच्या आगेंमागें पूर्ण भरती, आणि तेथून सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटें उशिरां येतो, म्हणून पाणीही तितकेंच उशिरां येतें. हा सारा गणिती व्यवहार पाऊणकीच्या एका पाढ्यांत कोंकणच्या माणसानें बांधून ठेवला आहे. आतां या पाढ्याचा छायाचित्रकाराला उपयोग काय, तें पाहा. पौर्णिमेला व अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारीं व मध्यरात्रीं आणि ओहोटी पहांटे व दिवेलागणीला. त्या दिवशीं समुद्राला उधाण असतें, म्हणून ओहोटीही मोठी. सूर्य मावळतांना पाणी दूर गेलेलें असतें आणि उघडी पडलेली ओली पुळण आरशासारखी सारें आकाश आपल्यांत घेते. अष्टमीला आठ पाऊणे सहा. त्या दिवशीं सूर्योदयाला व सूर्यास्ताला पाणी किनाऱ्याशीं भरलेलें असतें. पण ते भांगाचे दिवस, त्यामुळें त्याला जोर कमी. खडकांशीं तें बेतानें खेळतें. आरसा हवा असेल तर पौर्णिमा धरावी आणि खडकांवरचें पाणी हवें असेल तर अष्टमी. हें ज्याला कळलें त्याला एक चित्र साधण्यासाठीं आठवडाभर थांबण्याचें वाईट वाटत नाहीं. तिथीशिवाय धर्मकृत्य होत नाहीं असें आपण म्हणतों. समुद्रकांठीं छायाचित्रही होत नाहीं.

माझे एक मित्र आहेत. त्यांच्याजवळ हातभर लांबीचें भिंग आहे आणि त्याच्या किंमतींत काकांच्या घराचें छप्पर दोनदां शाकारून झालें असतें. ते मला नेहमीं म्हणतात, "अरे, पंधरा दिवस एका गांवांत काढून तूं आणतोस किती चित्रें? दहा? तेवढीं मी एका सकाळीं काढतों." हिशेब बिनचूक आहे. मला फक्त त्यांतलें एकक पटत नाहीं. निसर्गाचें चित्र मिनिटांनीं मोजावयाचें कीं मुक्कामांनीं, हा आमच्यांतला खरा वाद आहे.

या वादांत माझ्या बाजूनें साक्ष द्यायला थोर माणसें आहेत. इंग्लंडांतले रिचर्ड व चेरी हे कीर्टन बंधु वन्य पाखरांच्या छायाचित्रणाचे आद्य पुरुष म्हणून ओळखले जातात. १८९२ सालीं त्यांनीं घरट्यांतल्या अंड्यांचें छायाचित्र घेतलें, आणि पुढें पाखरांना शंका येऊं नये म्हणून भुसा भरलेल्या पोकळ बैलाच्या पोटांत दडून बसण्यापर्यंत त्यांची मजल गेली. आपल्याकडे डॉ. सालिम अलींची गोष्ट याहून जवळची आहे. १९३० सालीं, हातांत नोकरी नसतांना, ते अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकांठच्या गांवीं राहिले आणि घराजवळच्या सुगरण पक्ष्यांचीं घरटीं त्यांनीं महिनोन्‌महिने पाहिलीं. नर एकामागून एक घरटीं विणतो आणि एकाहून अधिक माद्यांचा संसार थाटतो, ही गोष्ट त्यांतून निष्पन्न झाली. सुगरणीच्या कौशल्याची थोरवी आपण पिढ्यान्‌पिढ्या गात आलों; परंतु तें कौशल्य सुगरणीचें नसून तिच्या यजमानांचें आहे, हें नीट उकलायला कोणीतरी एका गांवीं बसून राहणें अवश्य होतें. किहीमला शेंकडों लोक हवा खायला जात असतील. सालिम अली तेथें राहिले.

राहण्याचा पहिला लाभ असा कीं, डोळे मोठ्या गोष्टींवरून लहान गोष्टींवर येतात. पहिल्या दोन दिवसांत मी सुवर्णदुर्गाचीं चित्रें घेतों. तिसऱ्या दिवसापासून मान खालीं जाते. ओहोटीनंतर ओल्या पुळणीवर चवळीच्या दाण्याएवढा एक खेंकडा आपल्या बिळांतून बाहेर येतो, वाळू तोंडांत घेतो, तिच्यांतलें अन्न गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागें टाकतो. पुढें सरकावें, गोळी टाकावी. पुन्हां सरकावें, पुन्हां टाकावी. तासाभरांत बिळाभोंवतीं किरणांसारख्या रांगा उमटतात. दोन-तीन तासांनीं पाहावें तर सारी पुळण रांगोळीनें भरलेली. मग भरती येते आणि पाटी पुसून टाकते. सहा तासांच्या आंत रेखाटायची, सहा तासांच्या आंत पुसायची, आणि तरी उद्यां पुन्हां रेखाटायची! हें चित्र घ्यायचें तर पोटावर पालथें पडावें लागतें आणि सूर्य अगदीं तिरपा असावा लागतो, म्हणजे प्रत्येक गोळीला आपली सांवली मिळते. तिपाईचे पाय वाळूंत रुततात, खारट तुषारांनीं भिंगावर धुकें धरतें, आणि घरीं आल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्यांत तिपाईला यथासांग स्नान घालावें लागतें. काकूंना हा सोहळा फार आवडतो. माझें भिंग त्या आमसुलांच्या डब्याशेजारीं, चुलीमागच्या कोरड्या फडताळांत ठेवून देतात. "दमट हवेंत आमसूल टिकतें तेथें तुमची कांच टिकणार नाहीं होय?" हें त्यांचें शास्त्र, आणि त्यांच्या घरीं माझ्या भिंगाला बुरशी अद्याप लागलेली नाहीं.

दुसरा लाभ असा कीं, गांव तुम्हांला आपलीं गुपितें सांगूं लागतो. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड मीं या किनाऱ्यावर प्रथम दुरून पाहिला. आकाशांत पंख किंचित्‌ वर उचलून तरंगणारा. या पक्ष्याची जोडी एकाच घरट्याची वर्षानुवर्षें डागडुजी करून त्यांतच राहते, आणि त्यासाठीं तिला उंच, जुनें, निर्वेध झाड लागतें. असें झाड कोठें आहे तें मला चौथ्या वर्षीं काकांच्या शेजाऱ्यांनीं सांगितलें. तीन वर्षें त्यांनीं मला पाहून घेतलें असावें. झाड त्यांच्याच वाडीच्या वरच्या अंगाला होतें. मीं विचारलें, "हें झाड आपलें का?" ते म्हणाले, "सातबारावर आमचें आहे. पण त्यांची वहिवाट जुनी."

वहिवाट हा शब्द मला पुढें फार दिवस पुरला. दुसऱ्याच्या वहिवाटीच्या जागेंत आपण उभे आहों, असें समजून जो वागतो त्याला अंतराचा नियम निराळा शिकवावा लागत नाहीं. पाखरानें आपलें काम सोडून तुमच्याकडे पाहिलें कीं तुम्ही फार जवळ आलां असें समजावें. घरट्याच्या भोंवतीं घिरट्या घालून तें ओरडूं लागलें तर त्या वेळेपुरतें त्याचें पिल्लूं तुम्हीं उन्हांत सोडलेलें असतें. म्हणून मी समोरच्या टेकाडाच्या उतारावर बसतों. चित्रांत गरुड लहान येतो आणि झाड मोठें येतें. माझ्या मित्राला हें चित्र दुबळें वाटतें. परंतु तें झाड मोठें आहे हीच तर त्या गरुडाची हकीकत आहे! आणि त्या चित्राखालीं मी गांवाचें नांव लिहीत नाहीं. हल्लीं एका चित्राखालच्या एका नांवानें पुढच्या रविवारीं पन्नास कॅमेरे गोळा होतात.

तिसरा लाभ थोडा बोंचरा आहे. संध्याकाळीं हर्णैच्या पुळणीवर मासळीचा लिलाव होतो. किनाऱ्याशीं पाणी उथळ असल्यामुळें मोठ्या होड्या दूर उभ्या राहत, आणि मासळी आणायला बैलगाड्या पाण्यांत शिरत, असें दृश्य मीं तेथें पुष्कळदां पाहिलें आहे. बैलांच्या छातीपर्यंत पाणी, टोपल्यांत चमकणारी मासळी, वर घारींचें व कुरवांचें छत्र. छायाचित्रकाराला आणखी काय हवें? एकदां मी कुरवांच्या मागें भिंग फिरवीत असतां एका कोळणीनें मला हटकलें.

"काय रे दादा, फोटू कुणाचा काढतोस?"

"पाखरांचा, मावशी."

"आमची मासळी खातात म्हणून तर येतात ती! आमचा नाय काढायचा?"

सारे हंसले, मीही हंसलों, आणि अर्धी टोपली बांगडे घेऊन घरीं आलों. परंतु तिचें म्हणणें कांहीं केल्या मनांतून जाईना. कुरव हे हिंवाळ्याचे पाहुणे. दूर उत्तरेकडून ते येतात ते या किनाऱ्याच्या अन्नावर. आणि लिलावाच्या पुळणीवरचें अन्न कोळ्यांच्या जाळ्यांतून येतें. म्हणजे ज्याला मी निसर्गाचें निर्भेळ चित्र समजून मिरवतों, त्याच्या चौकटीबाहेर एक बाई टोपली घेऊन उभी असते. आपण कोन बदलतों, एक पाऊल सरकतों, आणि ती नाहींशी होते.

वेळासला तर हें अधिकच स्पष्ट दिसतें. तेथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या थंडीच्या दिवसांत रात्रीं वर येतात, हात-दीड हात खड्डा खणतात, शंभर-सव्वाशें अंडीं घालतात आणि खड्डा बुजवून परत जातात. पुढचें सारें वाळूच्या उबेवर. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिलें बाहेर येतात, आणि तीं नर व्हावयाचीं कीं मादी हेंही वाळूच या उबेनें ठरविते. पूर्वीं या अंड्यांची मोठ्या प्रमाणावर चोरी होई. २००२ सालीं चिपळूणच्या 'सह्याद्रि निसर्ग मित्र' या संस्थेनें गांवकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचें काम सुरूं केलें. रात्रीं पुळणीवर फिरावें, घरटें सांपडलें कीं अंडीं हलक्या हातानें काढून कुंपणाच्या आंत तितक्याच खोल पुरावीं, वर टोपली पालथी घालावी आणि दिवस मोजावे, असा हा क्रम. पिलें निघूं लागलीं म्हणजे सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहतात आणि निघालेलीं पिलें पाण्यापासून कांहीं पावलांवर सोडून देतात.

तो प्रसंग मीं पाहिला आहे. रुपयाहून थोडें मोठें, काळसर, ओलें असें तें पिल्लूं. तें थोडें चालतें, थांबतें, पुन्हां चालतें. समुद्र कोठें आहे हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. पाण्यावरचें क्षितिज उजळ असतें, तिकडे तें जातें. म्हणूनच किनाऱ्यावरचा झगझगीत दिवा त्याचा घात करतो, आणि म्हणूनच तेथें कॅमेऱ्याच्या दिव्याला बंदी असते. दोरीच्या अलीकडे शेंसव्वाशें माणसें उभीं होतीं आणि कोणीं बोलत नव्हतें. दोरी धरून उभा असलेला तरुण कोणाकडे न पाहतां पुळणीवरचें एकेक पाऊलठसा हातानें पुसून सपाट करीत होता, कारण आपल्या पावलाचा खळगा त्या पिलाला दरीसारखा. मीं चित्रें घेतलीं. त्यांत पिल्लूं आहे, लाट आहे, उजेड आहे. आणि वाळू अशी गुळगुळीत आहे कीं जणूं तेथें मनुष्य कधीं फिरकलाच नाहीं. ती गुळगुळीत करणारा हात मात्र चित्रांत नाहीं.

या पिलांपैकीं जगतात थोडीं. जीं जगतात त्यांतल्या माद्या मोठ्या झाल्यावर आपल्या जन्मप्रदेशाकडे परत येतात अशी त्यांची ख्याति. पण त्यांच्या प्रवासाचा पत्ता आतां कोठें लागूं लागला आहे. २०२२ च्या जानेवारींत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशीं बोलणारें यंत्र बसविलें आणि तिचें नांव 'प्रथमा' ठेविलें. आंजर्ल्याच्या एकीला 'सावनी' म्हटलें. २०२१ सालीं ओडिशांतल्या गहिरमाथा किनाऱ्यावर खूण केलेली एक मादी तर २०२५ च्या जानेवारींत गुहागरला अंडीं घालतांना सांपडली. म्हणजे सारा भारत तिनें वळसा घालून ओलांडला! ज्या प्राण्याचें घर एवढें मोठें, त्याची लेंकरें सहा-आठ आठवडे एका खेड्याच्या भरंवशावर असतात, ही गोष्ट मला त्या प्रवासाहूनही आश्चर्यकारक वाटते. पाहायला येणारे लोक वेळासच्या घरांतूनच उतरतात, तेथलेंच जेवतात, आणि त्यांचा पैसा त्याच घरांत राहतो. जीं अंडीं विकून पूर्वीं चार पैसे मिळत, तींच राखून आतां मिळतात. मुक्कामाचें अर्थशास्त्र इतकें सरळ क्वचित्‌ सांपडतें.

आणि आतां मीं सुरुवातीस विचारलेल्या प्रश्नाकडे येतों. मुक्कामाच्या चित्रांतलीं माणसें जातात कोठें? तीं कोठें जात नाहींत. सहलीच्या चित्रांत तीं कॅमेऱ्यापुढें असतात. मुक्कामाच्या चित्रांत तीं कॅमेऱ्याच्या पाठीमागें उभीं असतात. पाऊणकी सांगणारे काका, फडताळाची किल्ली संभाळणाऱ्या काकू, गरुडाची वहिवाट मानणारे शेजारी, वाळू सपाट करणारा तो तरुण. या सर्वांनीं मिळून तें भिंग धरलेलें असतें. मी शेवटीं एक बोट दाबतों, आणि त्याखालीं नांव माझें पडतें.

हें ऋण फेडायचें कसें? याचा एक रस्ता मला काकूंनींच दाखविला. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन थडकलें आणि त्याच्या तडाख्यांत दापोली-मंडणगडची ही किनारपट्टीही सांपडली. कौलें उडालीं, सुरूचीं बनें झोपलीं, आणि वाड्यांतल्या माड-पोफळी हजारोंनीं मोडून पडल्या. माड पुन्हां लावतां येतो, पण त्याला फळ धरायला पांच-सात वर्षें; तोंपर्यंत वाडी म्हणजे नुसती जमीन. रस्ते खुले झाल्यावर मी गेलों तेव्हां काकूंच्या मागील दारीं उभें राहून थेट समुद्र दिसत होता. पूर्वीं तो कधीं दिसला नव्हता. ऐकूं मात्र यायचा.

त्यांनीं मला विचारलें, "तुमच्याकडे आमच्या वाडीचा फोटो असेल का हो एखादा?"

वाडीचा असा नव्हता. विहिरीच्या रहाटावर बसलेल्या खंड्याचीं चित्रें मात्र पुष्कळ होतीं, आणि खंड्याच्या मागें, अंधुक अशी, वाडी होती. मीं तीं चित्रें मोठीं छापून घेऊन पुढच्या खेपेस नेलीं. काकूंनीं तीं ओटीवर मांडलीं. खंड्या निळा, तेजस्वी, नेमका टिपलेला. त्याच्यावर माझी वर्षांची मेहनत. त्याच्याकडे कोणीं पाहिलेंही नाहीं. काकू त्याच्या मागचीं झाडें बोटानें मोजीत होत्या. "ही आमच्या सासूबाईंनीं लावलेली. ही विहिरीकडची, हिला सुपारी बारीक यायची. आणि हा माड धाकट्याच्या मुंजीच्या वर्षीचा." काका कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं एक चित्र उचललें, उजेडाकडे धरलें आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

कीर्टन बंधूंनीं स्कॉटलंडच्या पश्चिमेस दूर समुद्रांत असलेल्या सेंट किल्डा या बेटावर जाऊन समुद्रपक्ष्यांचीं चित्रें घेतलीं होतीं. १८९७ सालच्या त्यांच्या ग्रंथांत तीं आहेत. तें बेट म्हणजे पाखरांच्या अंड्यांवर व मांसावर जगणारें एक लहानसें खेडें होतें. कीर्टन बंधूंनीं पाखरांबरोबर त्या माणसांचींही चित्रें घेतलीं. पुढें २९ ऑगस्ट १९३० रोजीं शेवटचीं छत्तीस माणसें बेट सोडून गेलीं आणि तें खेडें ओस पडलें. पाखरें अजून तेथें आहेत. त्यांचें चित्र आजही घेतां येईल. त्या माणसांचें आतां येणार नाहीं. कोंकणांत तर कुलूप घातलेल्या घरांची आपल्याला संवयच आहे. अशा ठिकाणीं केवळ पाखरूं टिपून परत येणें म्हणजे पत्रांतला मजकूर टाकून तिकीट तेवढें जपून ठेवण्यासारखें होय.

तेव्हांपासून माझ्या मुक्कामाला एक दिवस जोडला आहे. निघण्यापूर्वीं एक सकाळ मी पाखरांना देत नाहीं. त्या सकाळीं मी गांवांतून हिंडतों आणि जें कोणालाच सुंदर वाटत नाहीं त्याचीं चित्रें घेतों: रहाट, ओटी, होडीच्या सांवलींत बसून जाळें सांधणारे म्हातारे, नव्यानें लावलेल्या, गुडघ्याएवढ्या पोफळी. हर्णैच्या त्या मावशीचेंही चित्र घेतलें. टोपलीसकट आणि कुरवांसकट. पुढच्या वर्षीं हीं सारीं चित्रें छापून ज्यांचीं त्यांना नेऊन देतों. माझ्या मित्राला हें कळल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आणलेल्या दहा चित्रांतलीं तूं आठ परत करून येतोस कीं!" हिशेब याही वेळीं बिनचूक होता.